गॅप सर्टिफिकेट

उदगीरच्या तहसील आवारात, कडुनिंबाखाली,
जलीलचाचा लॅपटॉपवर काळी छत्री धरून बसतात.
"शिक्षणात खंड किती?"
सात वर्षं.
मान वर न करता त्यांनी जुनी फाईल उघडली,
कुणा ओमकारचं नाव खोडलं, तिथं मला बसवलं:
महानंदा शिवलिंग बिरादार, वय अठ्ठावीस, धंदा काही नाही.

काही नाही कसं चाचा, लॅबमध्ये कामाला आहे की मी.
"पगाराची चिठ्ठी आहे?"
नाही.
"मग राहू द्या. गॅपमधी काय केलं ते कुणी इचारत नसतंय बेटा,
काय नाही केलं तेवढंच इचारतेत."

सुई नाही टोचली. ती सर टोचतात.
मी नळीवर नाव लिहिते.
जांभळ्या टोपणाची वेगळी, लाल टोपणाची वेगळी,
थर्माकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या,
चिकटपट्टी दातानं तोडायची
आणि साडेचारच्या लातूर गाडीत
ड्रायव्हरच्या मागं डबा ठेवून यायचं.
कंडक्टर रोज विचारतो, आज किती लिटर?
रात्री मोबाईलवर आकडे येतात.
सकाळी मी छापते, घडी घालते, पाकिटात सरकवते.
लोक काउंटरवरच पाकीट फोडतात
आणि कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघतात.
जाड अक्षरात असलं की वाईट,
बी.एस्सी. होऊन मला कळतं ते एवढंच.
डॉक्टरांना दाखवा, म्हणते मी.
झोपेतही म्हणतेस, असं आई सांगते.

"वाचून सही करा."
सदर काळात मी कुठेही प्रवेश घेतलेला नाही.
सदर काळात माझ्या हातून कोणताही गुन्हा घडलेला नाही.

इथं पेन थांबला.

पोळ्याचा आदला दिवस. काउंटरवर हीऽ गर्दी.
हाळीची एक पोरगी, सहावा महिना.
तोंडारचे एक म्हातारबा, पाय सुजलेले.
दोन नळ्या, माझा एकच हात रिकामा,
चिठ्ठ्या उलट्या लागल्या.
रात्री लातूरहून फोन आला, एका बाईचा आवाज:
"म्हाताऱ्याचं पोरीसारखं निघालंय
आणि पोरीचं म्हाताऱ्यासारखं.
नळ्या परत पाठवा. मी अजून कुठं लिहिलेलं नाही."

सरांना कळलं नाही. हाळीला, तोंडारला कळलं नाही.
रक्त पुन्हा घेतलं; नळी फुटली, म्हणाले मी.
पण सत्तर किलोमीटरवरून
तिला आकड्यात माणूस दिसला होता,
आणि माझ्यासमोर तर दोघं बाकावर बसले होते.
कुठं शिकलात, मी विचारलं.
तिनं कोर्सचं नाव सांगितलं. पदवीनंतरचा, एक वर्षाचा.
ते मी पाकिटामागं लिहून घेतलं.
चार वर्षं ते पाकीट पर्समध्ये आहे,
घडीवर शाई उडालीय.

"काय झालं? स्पेलिंग चुकलं का?" चाचांनी विचारलं.
नाही, म्हणाले. सही केली.

नेट कॅफेत सर्व्हर तीनदा पडला.
चौथ्यांदा फोटो चढला, मार्कमेमो चढला, शपथपत्र आडवं चढलं.
शेवटी एक रिकामी चौकट:
हा अभ्यासक्रम का करू इच्छिता? शंभर शब्दांत.
पोरगं म्हणालं, "ताई, समाजसेवेची आवड टाकू का?
समदे तेच टाकायलेत."
टाक, म्हणाले.
मग म्हणाले, थांब. खोड ते.
सरक जरा.

एका बोटानं टाईप केलं:
मला आकडे वाचायचे आहेत.

"अजून शहाण्णव बसतेत," पोरगं म्हणालं.

सव्वाचार वाजले होते.
लॅबमध्ये डबा तसाच उघडा होता.
बर्फ घालण्याआधी मी एकेक नळी उजेडाला धरली,
नाव, वय, गाव,
आणि मनातल्या मनात त्या माणसाचं तोंड.
एकाचं आठवेना.
त्याला फोन लावला. तुमचं वय किती, मालक?
"का हो," तो घाबरला, "काही निघालं का?"