पंधरा वर्षांची हमी

लीड्सच्या बाजारात हॉल्रॉइड म्हातारा
बॅग उलटी करून आधी शिवण दाखवतो.
"कापड नाही फाटत, पोरा. दगा देते ती चेन."

खरंय. मागच्या सोमवारी डॉनकास्टरला
फलाटावरच जुनीनं आ वासला.
लॅपटॉप झेलला गुडघ्यावर,
चार्जर रुळांत,
दशम्यांचा डबा घरंगळत
कुणा बाईच्या बुटांपाशी.

पट्टा हुकाला अडकवून
तो स्वतःच लोंबकळतो, सत्तरीचा,
पाय जमिनीपासून वीतभर वर.
"पंधरा वर्षं. लिहून देतो."

माझा व्हिसा अजून चौदा महिने.

तरी घेतली. रिकामीसुद्धा जड आहे.
आतल्या कप्प्यात कार्ड होतं:
नाव पेनानं लिहिलं,
पत्ता
हॉल्रॉइडच्या कानामागची पेन्सिल मागून.