स्नॅपर

लुवेनियाच्या टेबलावर तो पहिला येतो, पहाटे चारला,
बर्फाखालून, डोळे उघडे ठेवून.
तांबडा. विटेसारखा नव्हे,
बाईंनी चिडून वहीत मारलेल्या रेघेसारखा.
ती खवले काढते, ते तिच्या दंडाला चिकटतात,
दुपारी बँकेत गेली तरी एखादा कानामागे चमकतो.
"हा खरा," ती म्हणते.
"हॉटेलात ताटात येतो तो भलताच कुणी.
नाव याचं, अंग दुसऱ्याचं."

मी बर्फ ओढणारा माणूस. मला काय कळतंय.
एवढंच सांगतो, आखाताकाठच्या या गावात
स्नॅपर म्हणून हाक मारली
तर कोण मान वळवेल याचा भरवसा नाही.

तिच्या परसात थर्मनचं गवत कापायचं यंत्र आहे.
लाल टपावर तेच नाव, पांढऱ्या अक्षरांत,
पहिलं अक्षर उन्हाने खाल्लेलं.
शनिवारी थर्मन त्यावर बसून निघायचा
जसा काही जहागिरीची पाहणी करायला.
जहागीर केवढी? तीन झाडं, एक टपालपेटी.
तो गेल्यापासून गवत मांडीला लागलंय.
ती दोरी ओढते, यंत्र खोकतं,
ती म्हणते, बरं, आज नको.

मुलगा लाव्हेल.
शाळेच्या फुटबॉल संघात तो स्नॅपर होता.
काम विचित्र: ओणवं व्हायचं,
स्वतःच्याच तंगड्यांमधून उलटं जग बघायचं
आणि चेंडू मागे फेकायचा, पंधरा यार्ड, सरळ.
नीट गेला तर तुमचं नाव कुणाला ठाऊक नसतं.
तीन वर्षं नव्हतं.
मग एका शुक्रवारी, भुरभुर पावसात,
तो लाथ मारणाऱ्याच्या डोक्यावरून गेला
आणि सगळ्या गावाला ठाऊक झालं.
आता तो ह्यूस्टनला असतो.
फोन करतो. कधीतरी.

वादळानंतर एक इंग्रज आला होता, गळ्यात दोन कॅमेरे.
"मी स्नॅपर," म्हणाला. त्यांच्याकडे फोटोवाल्याला म्हणतात तसं.
लुवेनियाने त्याला बुटांपासून वर न्याहाळलं,
सुरी पुसली, विचारलं,
"चावणारा, की खायचा?"
त्याने तिचा फोटो काढला, छत उडालेल्या घरापुढे.
ती हसत होती, त्याला ते नको होतं,
त्याने थांबून दुसरा काढला.

जुलैची चार तारीख. पोरं डांबरावर
कागदाच्या चिमुकल्या पुड्या आपटत होती. चट्. चट्.
पुड्यांचं नावही तेच, विचारू नका.
त्या आवाजाने असेल किंवा पाणी चढल्यामुळे,
नाल्यातून कासव वर आलं.
परातीएवढं. पाठीवर शेवाळ,
तोंड निवृत्तीला आलेल्या कारकुनाचं.
यंत्राच्या चाकापाशी येऊन बसलं.
लुवेनियाने झाडूच्या दांड्याने ढोसलं
आणि त्याने दांडा धरला.
चट्.
तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, नाव मुळात याचंच असावं,
बाकीच्यांनी मागून नेलं, परत केलं नाही.

इथले म्हातारे सांगतात, ढग गडगडल्याशिवाय
हे धरलेलं सोडत नाही.
आभाळ धुतलेल्या ताटलीसारखं.
एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला ती.
मी म्हटलं, सोड ना, लुवेनिया.
"मला काय सांगतोस? त्याला सांग."

अर्धा तास. मग आणखी थोडा.
पोरं पुड्या विसरून कुंपणावर चढली.
घरात फोन वाजला, पुष्कळ वेळ, आणि थांबला.
ती हलली नाही.
पुन्हा वाजला.
तिने एकेक बोट उघडलं,
शेवटचं करंगळीचं, अगदी नाइलाजाने,
आणि आत गेली, हात एप्रनला पुसत.

कासव झाडूसकट नाल्याकडे निघालं.
उंच गवतात त्याच्यामागे वाट पडत गेली,
सरळ, एका मापाची,
थर्मन पाडायचा तशी.