आहे म्हणूनच

गाडी घेतली विट्याच्या हणमंतअण्णांकडून.
जन्मभर कोइमतुरात सोनं गाळलेला माणूस,
गुंजभर घट आली तरी रात्रभर जागा.
किल्ली देताना म्हणाले,
"बाई, इंजिन चांगलं, ब्रेक चांगले,
फक्त काट्याचं फार ऐकू नका.
अर्ध्यापर्यंत खरं बोलतो.
पुढं त्याला भीड पडते."

भीड पडते.
आटपाडी येईपर्यंत
मी हा शब्द खडीसाखरेसारखा घोळवत राहिले.

बशीर मिस्त्रीनं मागची सीट उचलून दाखवलं:
टाकीत एक तरंगता डबा, त्याला दांडी,
पेट्रोल उतरलं की डबा उतरतो,
डबा उतरला की काटा.
"म्हणजे आडातला पोहराच की."
"पोहराच, पण दांडी झिजलेली.
आणि टाकी खाली निमुळती.
वरचा अर्धा पुरतो, खालचा पळतो."

घाटात तर वेगळीच गंमत.
चढाला काटा आशा लावतो,
उताराला तोच धडकी भरवतो.
सपाटीला आल्यावर, दोन मिनिटं थांबून,
काय ते बघायचं.

हे सगळं ठाऊक होतं मला त्या मार्चमध्ये.
मागच्या सीटवर लसींचा डबा,
बर्फाच्या पट्ट्या, पाच गावांची यादी,
आणि खानापूरच्या पंपावर ट्रॅक्टरांची रांग.
म्हटलं, परत येताना भरू.
पिवळा दिवा लागला.
मी रेडिओ मोठा केला.

भिवघाटाच्या अलीकडे
गाडीला दोन उचक्या लागल्या.
मग टायरांचा आवाज,
मग तोही नाही.
रस्त्याकडेला दोन बाभळी, त्यांच्यातली एक वाळलेली.
डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसले,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

द्राक्षबागेतनं परतणारा एकजण थांबला.
मोटारसायकलची नळी सोडून
पाण्याच्या बाटलीत धार धरली त्यानं.
बाटली भरेस्तोवर विचारलं,
"दिवा लागला नव्हता का?"
"लागला होता."
"मग?"

मग काय.
पैसे घेतले नाहीत. नावही सांगितलं नाही.
लसी वाचल्या, एवढंच त्याला कधी कळलं नाही.

रात्री गाडीच्या कप्प्यात अण्णांची वही सापडली.
तारीख, लिटर, किलोमीटर,
सोनाराच्या बारीक अक्षरात ओळीनं.
एका पानावर आकडाच नाही:
"आज ढकलली. सौ. बोलली नाही."
त्यापुढची सगळी नोंद अर्ध्यावरची.

त्याच पानाखाली मी माझी तारीख घातली.
शेरा काही लिहिला नाही.

आता अर्ध्यावर काटा आला की वळते पंपाकडं.
तिथला पोरगा डोकावून हसतो,
"मॅडम, अजून आहे की."
"आहे म्हणूनच," म्हणते मी.

तोही ऐकतो, नळी उचलतो,
आणि दर वेळी मला परत फिरवून लावायला सांगतो.
झाकण डावीकडं आहे,
हे मात्र अजून लक्षात राहत नाही.