खिशात काही ठेवू नये

पर्वरीच्या मॉलच्या तळघरात,
जिथे आधी सोफ्यांचं दुकान होतं,
तिथे आता बर्फ आहे.
बॅडमिंटनच्या कोर्टाएवढा. फार तर दीड.
बाहेर मे महिना पाठीला चिकटलेला
आणि आत भाड्याचा स्वेटर,
आधीच्या कुणाच्या तरी घामाचा वास असलेला.

दाराशी पाटी: खिशात काही ठेवू नये.
किल्ल्या, मोबाइल, पेन, चष्मा.
वॉकमनचं नाव त्यात नाही.
पाटी लिहिणाऱ्याला
तो कधी माहीतच नसावा.

बर्फ मला नवा नाही.
मालीमच्या जेटीवर बत्तीस वर्षं मी बर्फाचा हिशेब लिहिला,
किती लाद्या, कुठल्या ट्रॉलरला, किती उधारीवर.
पहाटे यंत्रात लादी फुटायची तो आवाज
माझ्या दातांत अजून आहे.
पण बर्फावर उभं राहायचं
हे कुठल्याच वहीत नव्हतं.

म्हापशाच्या शिरसाटाने आतला रबरी पट्टा बदलला,
विचारलं, बाय, ह्याचं आता काय करणार?
म्हटलं, फिरायला नेणार.

स्टॅन्झिन लडाखचा. इथे शिकवतो.
म्हणाला, आंटी, तो डबा काढा,
पडलात तर डबा नाहीतर हाड,
दोघांतलं एक जाईल.
मी डबा कमरेवरून हातात घेतला, तर तोल गेला.
खिशात घातला, तर वायर कोपराला गुंडाळली.
शेवटी स्वेटरच्या आत, पोटाशी,
बाजाराला जाताना पैसे ठेवतो
त्याच्या जरा खाली.

मग बटण दाबलं.

आधी इंजिनाची घरघर. मग बाबा.
कॅसेट शिवोलीच्या एका तारवटीबरोबर आली होती,
बिस्किटांच्या डब्यात, साबण आणि मोज्यांच्या मध्ये.
मी अकरा वर्षांची.
हांगा दर्या गोठला गो, आयकता मगे?
शिडी सोडून आम्ही त्यावर उतरलो.
मी चार पावलं चाललो.
पाचवं घातलं नाही.

आईने ऐकलं आणि म्हणाली, फटयता.
समुद्र कसा गोठेल?
तिने वाटण पाट्यावर ओढलं
आणि बाजू ब लावलीच नाही.

घरी परतल्यावर बाबा एवढं कधी बोलले नाहीत.
गॅलरीत बसायचे, रेडिओ मांडीवर, बंद.
गेले ते साधेच, दुपारी, अंथरुणात.

कठडा धरून मी एक फेरी मारली.
दुसरीत एक हात सोडला.
शाळेची पोरं दोन्ही बाजूंनी निघून जात होती,
पाण्यात बोयऱ्या जाव्यात तशी.
थंडीने बॅटरी बसत चालली
आणि बाबांचा आवाज जड होत गेला,
पंचेचाळिशीतला माणूस
माझ्या पोटाशी सत्तरीत गेला.
मी स्वेटरवरून तळवा धरला, ऊब द्यायला,
म्हणजे दुसराही हात सुटला.

तेव्हा कळलं, मी मधोमध आहे.
ते म्हणत होते, चा…र पा…व…लं…

पडले ती डाव्या अंगावर.
हाड वाचलं.
झाकण उघडून कॅसेट बाहेर घरंगळली
आणि तपकिरी फीत बर्फावर पसरली,
ओल्या केसांसारखी.
पोरं थांबली. एकीने विचारलं, हे काय आहे?

स्टॅन्झिन गुडघ्यांवर बसला,
बोटांनी फीत सोडवली, फुंकर घातली,
मग इकडे तिकडे बघून
स्वतःच्या खिशातून पेन काढलं
आणि चाकाच्या दातांत घालून
हळूहळू फिरवत राहिला.
त्याच्या गावी अजून असंच करतात म्हणाला,
खरं की मला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे.

घरी येऊन ऐकली.
फितीला एक सुरकुती पडली आहे.
चौथ्या पावलानंतर थोडी खरखर,
आणि मग बाबा जेवणाचं बोलायला लागतात,
की बटाटेच बटाटे, आणि मासे डब्यातले.