उत्पन्नाचा रकाना

वेइयो सालमेला तक्त्यावर बोट ठेवतात:
"यातून युरो किती?"
बाहेर ताम्पेरेत दुपारी तीनलाच दिवे लागलेत.
माझ्या अठ्ठावीस स्लाइड्स, आणि तो एक रकाना कोरा.

संवाद, सहभाग, आपलेपणा
हे शब्द मी काल रात्रीच खोडले.
या माणसापुढे ते म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी फक्त राइलीचं सांगते.
कोत्काच्या कागदगिरणीत रात्री दोनला पंप अडला.
तिने आमच्या त्या चाचणीपुरत्या भिंतीवर लिहिलं:
"सील गळतंय, तिसऱ्यांदा. कुणी पाहिलंय असं?"
चौदा मिनिटांनी ओउलूहून एस्को,
चार महिन्यांत निवृत्त होणारा,
ज्याला आम्ही एकाही बैठकीला बोलावलं नाही.
त्याने फोटो टाकला, वंगणाने काळा अंगठा वॉशरच्या कडेवर:
"उलटा बसलाय. माझाही बसला होता, ब्याण्णव साली."

सालमेला चष्मा काढतात.
गिरणी बंद राहिली तर तासाला किती,
ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक.
पेन्सिलीने कोपऱ्यात काही गुणतात,
खोडतात, पुन्हा गुणतात.

मी गप्प.
इथे गप्प बसणं हाही युक्तिवाद असतो.

बऱ्याच वेळाने विचारतात, हळू,
जणू पैशाचा विषय निघालाच नव्हता:
"हा एस्को गेल्यावर
त्याचा अंगठा कुणाकडे राहणार?"

सही?
ती सोमवारी बघू, म्हणाले.
पेन्सिल मात्र माझीच घेऊन गेले.