पाच शनिवार

पहिला शनिवार ओल्डरवीरचा.
सव्वीस माणसं, एक कुत्रा,
देणगीच्या डब्यात एकोणीस युरो आणि कोटाचं एक बटण.
हिल्ये म्हणाली, हाडाचं आहे, जुनं. राहू दे.
राहू दिलं.

हिल्ये ऑर्गन वाजवते. मी तिची पानं उलटते
आणि सकाळी, चर्च रिकामं असताना, पट्ट्या दाबते.
एप्पो आत, नळ्यांच्या रानात आडवा.
"पुढची," तो ओरडतो.
मी पुढची पट्टी दाबते,
करंगळीएवढी नळी किंचाळते,
तो पितळी शंकूनं तिच्या माथ्यावर टिचकी मारतो,
ती शेजारणीशी जुळवून घेते.
"पुढची."
अशा हजार एकशे चार.
दुपारी ऊन चढतं
आणि त्याच्यासोबत सगळ्या पुन्हा चढतात.

गव्हाच्या पैशावर माजलेल्या गावांनी बांधले हे ऑर्गन,
पलीकडच्या गावापेक्षा
एक तरी नळी जास्त हवी म्हणून.
आता दोन्ही गावांत मिळून एक पाद्री,
तोही गुरुवारी.

भात्यावर वुब्बो. वय अठ्ठ्याहत्तर, डावा कान बंद.
विजेची मोटर आहे, बटण दाबलं की झालं.
वुब्बो म्हणतो, मोटर फुंकते, श्वास घेत नाही.
म्हणून पायमोज्यांवर तो फळीवर चढतो,
आपल्या वजनानं खाली येतो,
पुन्हा चढतो.
मैफलभर जिना चढतो
आणि कुठेही पोचत नाही.

दुसऱ्या शनिवारी पाऊस. अकरा माणसं.
केक उरला.

तिसरा टिंगरहमला.
इथल्या जमिनीखालचा वायू साठ वर्षं उपसला,
त्यावर आमचीच न्याहारी शिजली,
आता जमीन अधूनमधून कूस बदलते.
भिंतीतल्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवलेली,
तारीख घालून.
सकाळी ती अख्खी होती. मी पाहिली होती.

दुसऱ्या रचनेत, चौथ्या पानावर,
हिल्येनं पाय उचलला
आणि खालचा एफ उठलाच नाही.
कुठेतरी लाकडाची एक काडी केसभर सरकली असेल.
स्वर धरणं धरून बसला.

हिल्येनं माझ्याकडे पाहिलं. वही मिटली.
माझ्या हातांना काम उरलं नाही.
तिनं त्या अडेलतट्टूलाच खर्ज मानलं
आणि वर काहीतरी रचू लागली,
आधी चाचपडत, मग
(कसं सांगू, मी पानं उलटणारी बाई आहे)
परक्या घरात दिवा न लावता
बरोबर पाण्याच्या माठापाशी पोचावं, तसं.

मग तिचंही संपलं.
तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.
एफ चालूच.
टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.
कुत्रा उठून दाराकडे गेला.
मागे वुब्बो चढतच होता, डोळे मिटून,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी गेले. उजव्या बाजूनं.
"संपलं?" त्यानं विचारलं.
मी मान हलवली, हो की नाही, मलाही ठाऊक नाही.
तो फळीवरून उतरला,
भात्यात होती तेवढी हवा निघून गेली,
स्वर आधी पाव पायरी खाली घसरला,
मग डगमगला,
मग नुसता वारा.

काचेची पट्टी दुभंगली होती.
ती केव्हा, कुणी ऐकलं नाही.

टिंगरहमला आता नारिंगी फीत आहे, कुलूप आहे.
चौथा शनिवार रद्द; का, ते पत्रकात लिहिलं नाही.
पाचवा, हारसेन्स. सकाळचे सात.
आतून एप्पो, आतून एप्पोचा खोकला, "पुढची."
खालचा एफ आला.
दाबला.
बोट उचललं,
आणि पुढची न दाबता
थोडी थांबले.
"झोपलीस का?" एप्पो म्हणाला.