सव्वा मूठ

घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू,
कानबाईच्या रोटांचं आमच्याकडे असंच आहे.
मोजायचं काम यंदा माझ्याकडे आलं,
सासूबाईंच्या हाताला कंप सुटलाय म्हणून.

नाना, सव्वा.
भाऊसाहेब, सव्वा.
त्यांचा हेमकांत, त्यांचा लोकेश. सव्वा, सव्वा.
आमचे हे, सव्वा.
आणि मग माझी मूठ
पाटीवर तशीच थांबली, भरलेली.

यज्ञेश सहा वर्षांचा होता.
त्याच्या रक्तात काय शिरलं ते
जळगावच्या डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं,
नाशिकच्यांनी मराठीत,
मला दोन्ही वेळा एकच कळलं.
अकरा महिने.
हाताच्या शिरा सापडेनाशा झाल्या
तेव्हा घोट्यात सुई.
तो नर्सला म्हणायचा, ताई,
या पायाने मी बॉल अडवतो,
त्या पायाला टोचा.

मग दारावर बसायला आल्या बायका.
एरंडोलच्या मावशी म्हणाल्या,
मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.
ज्याने केलं त्याला धरा ना, मावशी.
याला तर बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती.
कुणी म्हणालं, चांगली माणसं देवाला लवकर लागतात.
मग तुमची कशी राहिली, असं ओठांवर आलं,
गिळलं. तीही कुणाची तरी पोरं आहेत.
कुणी म्हणालं, परीक्षा असते बाई.
मला शहाणं करायचं म्हणून त्याच्या घोट्यात सुई?
असला मास्तर गावाने
दुसऱ्या दिवशी शाळेतून काढला असता.
नाना फक्त म्हणाले, देवनी मरजी,
आणि मागच्या दारी जाऊन
बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

सहावी मूठ मी पाटीत टाकली. वर पाव.
मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, एक जास्त झाली गं.
मी म्हटलं, मोजणीत चूक माझी नाही.
त्या काही बोलल्या नाहीत.
सगळं एकत्रच दळून आणलं,
आणि रोट खाताना
कुणाच्या घासात त्याचे गहू आले
कुणालाच कळलं नाही.

रात्री तुला पाटावर बसवलं, कानबाई.
नथ मी घातली,
काजळाने डोळे मी काढले,
डावा जरा मोठा झाला.
शेंडीखाली नारळाचे स्वतःचे तीन डोळे असतात,
सोलणाऱ्या बाईला ठाऊक असतं.
ते झाकून आम्ही तुला हे दोन देतो,
आमच्यासारखे.
मला एवढंच सांग, अकरा महिने तू
यातल्या कोणत्या डोळ्यांनी बघत होतीस?
बघत होतीस आणि हात नव्हते?
की हात होते, पण दुसरीकडे गुंतलेले?
नारळाला हात नसतात, मला माहीत आहे.
तरी विचारते.
जळगावच्या डॉक्टरांना विचारून झालं.

दोन वर्षांमागे नदीवर, माझ्या कडेवरून,
त्याने विचारलं होतं,
पाणीमा देवीले दम नही लागस का, माय?
मी म्हटलं, देवीला श्वास घ्यावा लागत नाही रे.
शेवटच्या आठवड्यात, त्याच्या नाकात नळी असताना,
हे वाक्य मला सारखं ऐकू यायचं.
त्याचं नव्हे. माझं.

सोमवारी बोरीवर बँड होता,
फुगड्या होत्या, पाणी मात्र घोट्याएवढं.
तुला सोडलं, तू चार हात गेलीस
आणि दुधाच्या पिशवीला अडकलीस.
बाया पाटावर वाळू घेऊन
गाणी म्हणत अमळनेरात परतल्या.
मी थांबले.

माफ केलंय असं समजू नकोस.
पदर खोचून उतरले, पिशवी सोडवली.
डाव्या डोळ्याचं काजळ
गालावर आलं होतं तुझ्या.
हाताने ढकललं. मग कुणी बघत नाही असं पाहून
पायाने.

तेव्हा जरा हललीस.
तेवढं पाणी होतं.